करीच्या दिवशीची फवारणी

प्रयागबाईच्या नाकाबद्दल हुडकेश्वरात जे सांगतात, त्यातलं निम्मं सोडून दिलं तरी उरलेलं निम्मं दोन बैलगाड्यांत मावायचं नाही. जरीपटक्यात एखाद्या सिंधीभाऊच्या घरी पापड भाजला, तर इकडे चार कोसांवर आपल्या ओट्यावर बसून ती सांगायची की डाव्या अंगानं जरा जास्त लागला. एकदा तिला पडसं झालं, तर गावातल्या तीन म्हशी दिवस उलटून गेले तरी व्याल्या नाहीत. कधी व्यायचं ते त्या तिलाच विचारत होत्या म्हणे.

रुपरावाचा यातल्या कशावरही विश्वास नव्हता. रुपराव नियमाचा माणूस होता आणि नियमाला नाक नसतं.

ही गोष्ट सदुसष्ट-अडुसष्ट सालची. तेव्हा नागपूर सक्करदऱ्याच्या तलावापाशी संपायचं आणि हुडकेश्वरात नुसती वावरं होती. आठ घरांनी मिळून पाठीवर घ्यायचा एक पितळी पंप आणला होता, आणि तो सांभाळायचा मान रुपरावाकडे होता. पंपाची पाळी त्यानंच लावून दिली होती. मारोतीच्या देवळाजवळून सुरुवात, खाली नाल्यापाशी शेवट. एका घराला एक दिवस. वरच्या अंगाला देवाजी आणि भैय्याजी, मध्ये बाकीचे, सातवा स्वतः रुपराव, आणि अगदी शेवटी नाल्याला लागून अर्धा एकर कसणारी प्रयागबाई. ही पाळी त्यानं सख्ख्या साळ्यासाठी मोडली नव्हती. स्वतःसाठीही नाही. पाळी म्हणजे त्याच्या मते न्याय होता, आणि तो पितळेचा, घासून लख्ख केलेला, त्याच्या घरच्या खुंटीला टांगलेला होता.

आलू गावात आणला तोही त्यानंच. नागपुराकडे बटाट्याला आलूच म्हणतात. आदल्या साली छिंदवाड्याहून बियाणं आणून त्यानं घरोघर सांगितलं होतं, लावा, माझी जबाबदारी. लोकांनी लावलं. पीक गुडघ्याएवढं झालं आणि पौषात तीन दिवस आभाळ दाटलं. ऊन पडलं की फवारू म्हणत सगळे थांबले. ऊन पडलं तेव्हा आठही वावरांवर कोणी उकळतं पाणी ओतून गेल्यासारखं झालं होतं. पानं काळी, देठं काळी, आणि खाली आलू गोट्यांएवढे. करपा, करपा म्हणतात तो हा.

भैय्याजीनं पारावर सर्वांसमोर विचारलं होतं, "रुपराव, तुही जबाबदारी शिजवून खाता येते का गा?"

त्यावर रुपराव उठून उभा राहिला होता. "आणखी एक साल लावा. याही साली बुडालं त मी आलूचं नाव काढणार नाही, आन तुम्ही मले गावच्या कोणत्या कामात विचारू नका." या एका बोलण्यावर आठही घरांनी पुन्हा आलू लावला होता. भैय्याजीनंसुद्धा. रुपरावाला रात्रीची भाकर गोड लागत नव्हती ती यामुळे.

आणि आज संक्रांत होती. पीक सत्तर दिवसांचं झालेलं, हिरवं कंच. आभाळ असं निळं की धुऊन वाळत घातल्यासारखं. नवं धोतर नेसून रुपराव खाटेवर तिळगूळ चघळत बसला होता, तेवढ्यात प्रयागबाई अंगणात आली.

"रुपरावजी, पंप द्या."

"आज?"

"आज माह्या आन तुमच्या वावरात. उद्या बाकीच्याइच्या."

"पाळी देवाजीची हाये. परवा."

"परवा देवाजी पंप घेऊन काय करन? राखेले आंघोळ घालन?"

रुपरावानं वर पाहिलं. "आभाय कुठी हाये वं? एक ढग दाखव मले."

"ढग येईन उद्या सांजीले. दोन दिस झाले पहाटेची थंडी हटली. पानावरचं दव दुपारपर्यंत हालत नाही. मडक्यातलं मीठ पाझरून राहिलं, चुलीचा धूर वर न जाता अंगणात लोळून राहिला. आपल्या मागच्या फवाऱ्याले बारा दिस झाले, त्याचं आता पानावर काही उरलं नाही."

"मले वाटलं तुह्या नाकाले वास आला."

"नाक गावानं लावलं मले. माह्याजवळ मीठ हाये."

रुपराव हसला, पण थोडंच. "प्रयागबाई, आज सण. उद्या कर."

संक्रांतीचा दुसरा दिवस म्हणजे कर. त्या दिवशी बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत, वावरात हत्यार नेत नाहीत. त्या दिवशी हाती घेतलेलं काम वर्षभर नडतं असा सगळ्यांचा समज, आणि रुपरावाच्या घरी तर तो समज त्याच्या आज्यापासून चालत आलेला.

"आमच्याकडं छप्पन सालापासून कर नाही," प्रयागबाई म्हणाली. त्या साली दीक्षा घेऊन आल्यावर तिच्या घरानं जे जे सोडलं, त्यात करही गेली होती.

"तुमच्याकडं नाही. पंपाले हाये."

प्रयागबाईनं खुंटीकडे पाहिलं. गोपिकेनं, म्हणजे रुपरावाच्या बायकोनं, सकाळीच पंपाला हळदकुंकू लावलं होतं.

"मंग त्यालेही तिळगूळ द्या," ती म्हणाली आणि निघून गेली.

गोपिका दारात आली. "काय म्हणत होती?"

"मीठ पाझरते म्हणे."

"पाझरूनच राहिलं. सकायपासून हाताले चिपकते. भाजीत तीनदा टाकलं तवा कुठी एकदाचं पडलं. जेवताना समजलं नाही का तुम्हाले?"

रुपरावाला समजलं नव्हतं. पण आता तिळगूळही त्याला ओलसर लागू लागला. तो उठला, वहाणा घातल्या आणि कोणाला दिसू नये म्हणून घरामागून वावरात गेला.

दुपारचे दोन वाजले होते आणि पानं अजून ओली होती. त्यानं वरच्या अंगानं एकेक झाड उलटंपालटं करून पाहायला सुरुवात केली. काही नाही. दहा ओळी झाल्या, वीस झाल्या, काही नाही. त्याच्या मनात प्रयागबाईला चार गोष्टी ऐकवायचे शब्द जुळूही लागले. मग तो खालच्या धुऱ्यापाशी, म्हणजे बांधापाशी पोचला, जिथून पुढे तिचं वावर आणि त्यापुढे नाला. तिथे एका पानाच्या टोकाला रुपयाएवढा तपकिरी डाग होता, कडेनं फिकट पिवळा. त्यानं पान उलटं केलं. डागाच्या काठानं, लोणच्यावर येतो तसा पांढरा बुरा.

रुपरावावर मागच्या सालचं सगळं आभाळ उतरलं.

धुऱ्यापलीकडे प्रयागबाई उकिडवी बसून असलीच झाडं उपटून टोपल्यात टाकत होती. तिनं मान वर केली नाही.

"किती निघाले?" रुपरावानं विचारलं.

"अकरा. तुमच्याकडं?"

"एक."

"दिसलेलं एक."

तो धुऱ्यावर बसला. ती टोपल्याकडे पाहतच बोलली. "ओल नाल्यापाशी राहाते, म्हणून तो पयले अठीच जलमते. मंग वर चढते. आन तुमचा पंप देवळापासून खाली येते. माह्यापाशी पोचेपर्यंत आठ दिस लागते. तोवर तो तुमचं वावर खाऊन पुढं गेलेला राहाते. मागच्या साली तुम्ही धुऱ्यावर बसून रडत होते, तवाच सांगणार होती मी. पण म्हटलं पाळी तुम्ही लावली, तुम्हाले वाईट वाटन."

रुपरावाला आलूपेक्षा पाळीचं लागलं. इतकी वर्षं ज्या नियमाला तो न्याय समजत आला, तो नियम रोगाला रस्ता मोकळा करून देत होता. देवळापासून सुरुवात केली की देव खुश, वरची घरं खुश आणि करपाही खुश.

तो घरी गेला. पंप खुंटीवरून काढला, हळदकुंकू उपरण्यानं पुसलं आणि दिवसाढवळ्या गावातून पाठीवर घेऊन खाली आला. प्रयागबाईच्या अंगणात पोचला तर तिथं सगळं मांडून तयार. एका रांजणात मोरचूद फडक्यात बांधून पाण्यात लोंबकळत सोडलेलं, निळं झालेलं. दुसऱ्या रांजणात कळीचा चुना विरलेला. तिसरा रांजण रिकामा.

"हे मोरचूद कवा भिजू घातलं?"

"काल सांजीले. विरायले रात लागते."

"म्हणजे मी पंप देणारच, हे तुम्हाले माहीत होतं?"

"नसता दिला त खराट्यानं शिंपडलं असतं."

तिचा दीर ताराचंद एका हातानं निळं आणि दुसऱ्या हातानं पांढरं पाणी एकाच वेळी तिसऱ्या रांजणात ओतू लागला आणि प्रयागबाई काठीनं ढवळू लागली. काटोलकडच्या संत्र्याच्या बागेत तिनं पंधरा वर्षं हेच कालवलं होतं. मागच्या साली रुपरावानं हे मिश्रण लोखंडी पिंपात केलं होतं आणि दोन दिवस पुरवून वापरलं होतं. ते त्याच्या तोंडून ऐकून ताराचंद हसू दाबायला पलीकडे तोंड करून उभा राहिला. लोखंडात ते नासतं, आणि दुसऱ्या दिवशी त्याला पानावर धरून राहायची ताकद उरत नाही, एवढं त्याला पोरवयापासून माहीत होतं.

प्रयागबाईनं घासलेला विळा रांजणात बुडवून बाहेर काढला. पात्यावर तांब्याची लाली आली होती. "चुना कमी हाये. असंच मारलं त पानंच भाजतीन." तिनं चुन्याचं पाणी वाढवलं, पुन्हा विळा बुडवला. पुन्हा लाली, पण पुसट. तिसऱ्या खेपेला विळा गेला तसाच कोरा बाहेर आला. रुपराव आयुष्यात पहिल्यांदा विळ्याकडे आ वासून पाहत होता.

त्या संध्याकाळपर्यंत तिची आणि त्याची अशी दोन वावरं झाली. दिवेलागणीला रुपराव पारावर गेला आणि म्हणाला, "उद्या सगळ्याइची फवारणी."

"करीच्या दिवशी?" देवाजीनं विचारलं.

"हत्यार तुम्ही धरू नका. पंप प्रयागबाई आन ताराचंद धरतीन. त्याइले कर नाही."

"आन पाळी?"

"पाळी उलटी झाली. नाल्यापासून वर."

रुपरावानं पाळी मोडली हे सूर्य पश्चिमेला, काटोलकडून उगवल्यासारखं होतं. शेवटी भैय्याजी म्हणाला, "माह्या वावरात कर मोडायची नाही. कोणाच्याही हातानं. ढग दाखव, मंग बोल." आणि तो घरी गेला.

करीच्या दिवशी दव सुकायला दहा वाजले. प्रयागबाईनं पंप पाठीवर घेतला. ती उलट्या पावलांनी चालायची, ओल्या पानांना पातळ लागू नये म्हणून. नळीचं तोंड खालून वर, पानाच्या पोटाला आधी आणि पाठीला नंतर. एक झाड सुटत नव्हतं, एका झाडाला दोनदा मिळत नव्हतं. बघणारे सांगतात की एका पानावर बसलेल्या मुंगीला तिनं आधी बाजूला व्हायला लावलं. ते खोटं असेल, पण ज्यानं तिचं काम पाहिलं त्याला ते खोटं वाटत नाही.

बाकीचे धुऱ्यावर हाताची घडी घालून उभे. काम करायचं नाही म्हणजे नाही. पण ताराचंद एकटा विहिरीवरून पाणी आणून थकू लागला, तेव्हा देवाजी स्वतःशीच म्हणाला, "पाणी भरणं काही वावरातलं काम नाही. घरीही भरतोच ना आपण." आणि त्यानं बादल्या उचलल्या. मग दुसरा म्हणाला, चुना तर खायच्या पानालाही लावतो, आणि तो चुना विरवायला बसला. गोपिका तिसऱ्या रांजणाशी आली. "हे त वरण घोटल्यासारखंच हाये," म्हणत तिनं काठी हातात घेतली. विहिरीपासून वावरापर्यंत बादल्या हातोहात चालू लागल्या. एरवी प्रयागबाईच्या घरचा घडा विहिरीवर दिसला की जी माणसं आपला घडा बाजूला घ्यायची, तीच आज तिच्या पंपात पाणी ओतत होती आणि "भरला का वं?" म्हणून विचारत होती. त्या दिवशी हुडकेश्वरात कोणीही काम केलं नाही. नुसते चाळीस पंप रिकामे झाले.

तिच्या पातळाचा मूळ रंग कोणता होता, हे पुढे तिचं तिलाही आठवेना. हात कोपरापर्यंत निळे. तीन वावरं झाली, चौथं अर्धं झालं आणि ताराचंदचा खांदा पट्ट्यानं सोलून निघाला. प्रयागबाईनं पुन्हा पंप घ्यायला हात पुढे केला, पण तिला तो उचलता येईना. सकाळपासून निम्म्याहून जास्त पंप तिनं एकटीनं ओढले होते. अजून दीड वावर बाकी होतं आणि वारा पडला होता.

रुपरावाच्या दोन्ही हातांत बादल्या होत्या. त्यानं त्या खाली ठेवल्या. आज्याचा चेहरा त्याच्या डोळ्यांपुढं आला, आणि आजा बरा माणूस होता, पण त्यानं कधी आलू लावला नव्हता. रुपरावानं पंपाचे पट्टे खांद्यावर चढवले.

सगळं गाव पाहत होतं. देवाजी वर आभाळाकडे पाहू लागला, आणि तिथंच त्याला पहिला ढग दिसला.

"आला गा ढग," तो हळूच म्हणाला.

"खालून वर मारा," मागून प्रयागबाई म्हणाली. "आलूले मारून राहिले, स्वतःच्या पायाले नाही."

"दिसते मले."

"दिसते त मारा ना."

शेवटचं झाड ओलं झालं तेव्हा ढगांनी अर्धं आभाळ धरलं होतं. फवारा पानावर वाळायला जेवढा वेळ लागतो, तेवढाच पावसानं दिला. चुली पेटल्या आणि झिमझिम सुरू झाली.

तीन दिवस सूर्यानं गावाकडे पाहिलं नाही. रुपराव घरात बसून होता. गोपिका म्हणते त्या तीन दिवसांत त्यानं एवढ्या येरझारा घातल्या की माजघराची जमीन बोटभर खाली गेली. करीला पंप धरला, पाळी उलटी केली, आठ घरं आपल्या शब्दावर उभी. आता बुडालं तर करपा राहील बाजूला आणि गाव म्हणेल, रुपरावानं कर मोडली म्हणून बुडालं. पारावर कोणी तसं बोललंही होतं.

चौथ्या दिवशी ऊन पडलं. तो घरातून निघाला आणि देवळापाशी येताच त्याला वास आला. शिजून नासलेल्या पाल्याचा, मागच्या सालचा. त्याचे पाय तिथंच थांबले. मग त्यानं पाहिलं, वास एकाच वावरातून येत होता. भैय्याजीचा अर्धा एकर चुलीतून काढल्यासारखा काळा उभा होता. त्याला लागून देवाजीचं वावर हिरवं. भैय्याजीच्या खाली हिरवं, त्याच्याही खाली हिरवं, थेट नाल्यापर्यंत. पानापानावर निळसर पांढरे ठिपके वाळून बसलेले, आणि जिथं डाग होते तिथं ते सुकून कागदासारखे झालेले. रुपरावानं एक पान उलटं केलं. पांढरा बुरा नव्हता. त्यानं दुसरं उलटं केलं. मग तो खाली बसला, आणि किती पानं उलटी केली याची त्याला शुद्ध राहिली नाही.

प्रयागबाई मात्र खुश होऊन बसली नाही. त्याच दुपारी तिनं पुन्हा मोरचूद भिजत घातलं आणि ती रुपरावाला घेऊन भैय्याजीच्या धुऱ्यावर गेली.

"पाला कापून गाडा," ती म्हणाली. "आजच. तो जमिनीत झिरपला त खालचे आलूही सडतीन, आन वाऱ्यानं उडाला त देवाजीचं वावर जाईन."

भैय्याजीनं रुपरावाकडे पाहिलं. त्याच्या तोंडून टोमणा निघेल म्हणून तो वाट पाहत असावा. रुपरावानं धोतराचा काचा मारला आणि विळा घेऊन पाला कापायला लागला. घटकाभरानं भैय्याजीही खाली उतरला.

फेब्रुवारीत आलू निघाला. आकाराबद्दल देवाजी जे सांगतो ते ऐकू नये, कारण त्याच्या म्हणण्यानुसार एका आलूवर दोन माणसं टेकून बसली आणि तिसऱ्यासाठी थोडी जागा उरली. पण सात वावरांतून पोती निघत होती आणि नागपुरातल्या बर्डीच्या बाजाराला गाड्या दोन खेपा करत होत्या, हे खरं. भैय्याजीलाही अगदीच काही मिळालं नाही असं नाही. पाला वेळेवर गाडल्यामुळं लहान का होईना, पण निरोगी आलू निघाले.

शेवटच्या दिवशी रुपराव पोती शिवत होता, तर भैय्याजी धुऱ्यावर येऊन उभा राहिला. मग म्हणाला, "पुढच्या साली छिंदवाड्याले जाशीन तवा माह्याही वाट्याचं बियाणं आण."

रुपरावाच्या हातातली सुई थांबली. एवढं ऐकण्यासाठी तो दोन साल जागला होता.

"आणतो," तो म्हणाला. "पण लावायचं कवा आन फवारायचं कवा, ते मले नको विचारू." आणि त्यानं सुईनंच खाली नाल्याकडे दाखवलं.

भैय्याजी तिथवर गेला. उभ्या जन्मात तो त्या धुऱ्यापलीकडे उतरला नव्हता. प्रयागबाई शेवटची ओळ खणत होती. तिनं ती पूर्ण केली, आलू झटकून टोपल्यात टाकले, आणि मग कुठं कुदळ बाजूला ठेवली.

"प्रयागबाई, तुम्हाले एक विचारायचं होतं," भैय्याजी म्हणाला.

तिनं टोपलं सरकवून त्याला धुऱ्यावर जागा करून दिली. "बसा. पयले हे सांगा, तुमच्या वावरात पाणी कोणत्या कोपऱ्यात साचते?"